फाईल तुमची, मग टायपिंगही तुम्हीच का करायचं?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की हॉस्पिटलचं रेकॉर्ड हॉस्पिटलपाशी राहतं आणि पर्सनल हेल्थ रेकॉर्ड म्हणतात ते पेशंटच्या ताब्यात असतं, त्यात चार ठिकाणची माहिती एकत्र येते आणि ती कुणाला दाखवायची ते पेशंट ठरवतो. त्यावर ढीगभर प्रश्न आलेत. सगळे घेता येणार नाहीत, जे सारखे सारखे आले ते आधी घेतलेत. एक सांगून ठेवते, मी डॉक्टर नाही, अशी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीममध्ये बरीच वर्षं काढलेली बाई आहे, त्यामुळे "ही गोळी बंद करू का" हे कृपया मला विचारू नका. दोघांनी विचारलंय.

प्रश्न : ताई, आम्ही चौघं इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहोत, प्रोजेक्ट म्हणून हेल्थ रेकॉर्डचं ॲप करतोय. साइनअप केल्यावर एक फॉर्म येतो, त्यात जुने आजार, ऑपरेशनं, ॲलर्जी, औषधं, घरातल्यांचे आजार असं सगळं भरायचं. घरच्यांनाच दिलं भरायला तर कुणीच शेवटपर्यंत गेलं नाही. यूआय बदलावा का?

यूआयला हात लावू नका, फॉर्मच काढून टाका. खरंच सांगते, रंग बदलून आणि बटणं मोठी करून हा प्रश्न सुटत नाही कारण गोची दिसण्यात नाहीये, गोची ही आहे की धडधाकट माणसाला भरायची गरज वाटत नाही आणि आजारी माणसात भरायचं त्राण नसतं. तुमच्या आधी हे गूगलने करून बघितलंय. २००८ मध्ये गूगल हेल्थ काढलं, जून २०११ मध्ये बंद करतोय म्हणून जाहीर केलं आणि १ जानेवारी २०१२ ला शटर खाली. पैसा कमी होता का, इंजिनियर कमी होते का? पण जोडलेली हॉस्पिटलं, लॅब, फार्मसी मोजक्याच, बाकीच्यांनी स्वतः टाइप करायचं. लोक एकदा आले, दोन रकाने भरले आणि गेले ते गेलेच.

मग माहिती येणार कुठून? जिथे ती तयार होते तिथून. लॅबमध्ये रिपोर्ट बनतो तेव्हा तो आकडा आधीच कॉम्प्युटरमध्ये असतो, फार्मसीत औषध देताना नोंद होते, डिस्चार्जच्या वेळी सगळं टाइप झालेलं असतं. तेच उचलून आणायचं. ह्यासाठी एचएल७ ह्या संस्थेचं फायर नावाचं स्टँडर्ड आहे, ग्रॅहम ग्रीव्ह ह्या ऑस्ट्रेलियन माणसाने त्याचा पहिला आराखडा २०११ मध्ये मांडला. त्याची कल्पना सोपी आहे, अख्खी फाईल एकदम न पाठवता तिचे छोटे छोटे तुकडे करायचे, एक तुकडा म्हणजे एक तपासणी, एक तुकडा म्हणजे एक ॲलर्जी, एक तुकडा म्हणजे एक औषध, आणि प्रत्येक तुकडा वेब पेजसारखा पत्त्यावरून मागवता येतो. तपासणीचं नाव लॉइंकच्या कोडने लिहायचं म्हणजे एका लॅबने "शुगर फास्टिंग" लिहिलं आणि दुसरीने "एफबीएस" लिहिलं तरी कॉम्प्युटरला कळतं की दोन्ही एकच. आजार आणि लक्षणांसाठी स्नोमेड आहे, आजारांच्या वर्गवारीसाठी आयसीडी. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला हे सगळं झेपणार नाही हे मला माहितीये, पण निदान तुमचे टेबल, म्हणजे माहिती साठवायचे तक्ते, असे करा की उद्या हे बसवता येईल.

आणि टेबलचा विषय निघालाय तर तीन गोष्टी सांगते, ह्या मी मार खाऊन शिकलेय. पहिली, प्रत्येक नोंदीला दोन तारखा द्या, घटना कधी घडली आणि नोंद कधी झाली. अपेंडिक्सचं ऑपरेशन लहानपणी झालं आणि ॲपमध्ये आज घातलं तर आजची तारीख लागून ते आजचं ऑपरेशन होता कामा नये. दुसरी, ही माहिती कुणी दिली ते चिकटवून ठेवा. लॅबने पाठवली, डॉक्टरने लिहिली, पेशंटने सांगितली की मुलीने आईच्या वतीने भरली? चारही खरी असू शकतात पण चौघांचं वजन सारखं नाही, आणि वाचणाऱ्या डॉक्टरला हे पहिल्या नजरेत दिसलं नाही तर तो सगळ्यावरच अविश्वास दाखवतो.

तिसरी गोष्ट रिकाम्या रकान्याची. नवीन असताना मी एका सिस्टिममध्ये ॲलर्जीसाठी हो-नाही असा साधा फील्ड ठेवला आणि डीफॉल्ट "नाही" ठेवलं, कारण काहीतरी ठेवावं लागतं ना. टेस्टिंगला बसलेल्या एका नर्सने विचारलं की ह्या बाईला ॲलर्जी नाही असं लिहिलंय, पण हिला विचारलं कुणी? मी म्हटलं कुणी नाही, ते आपोआप येतं. ती माझ्याकडे जशी बघत राहिली ते अजून आठवतं. "ॲलर्जी नाही", "विचारलं नाही" आणि "विचारलं पण माहीत नाही" ही तीन वेगळी उत्तरं आहेत. तुमचा फील्ड बघा, आत्ता बघा.

आता पेशंटने काहीच लिहायचं नाही का? लिहायचं, पण जे फक्त त्यालाच माहीत आहे तेवढंच. घरी मोजलेलं बीपी. दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली औषधं. गोळी घेतल्यावर काय झालं ते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गोळी खरंच घेतो का! डॉक्टरने लिहून दिलेली गोळी आणि पोटात गेलेली गोळी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, फायरमध्येसुद्धा त्यांना दोन वेगळे तुकडे ठेवलेत, आणि दुसरा तुकडा पेशंटशिवाय जगात कुणीही भरू शकत नाही. माझं म्हणणं विचाराल तर पेशंट हा टायपिस्ट नाही, तो प्रूफरीडर आहे. आयतं आलेलं त्याने वाचायचं, चुकलेलं दाखवायचं, राहिलेलं सांगायचं. ॲप ह्या कामासाठी बनवा.

प्रश्न : बाबांना बरीच वर्षं मधुमेह आहे, आता किडनीचंही चालू झालंय. पिशवीभर कागद होते, मी सलग दोन रविवार बसून सगळे स्कॅन केले आणि एक मोठी पीडीएफ केली. नवीन डॉक्टरांना मोबाईलवर दाखवली तर त्यांनी दोन पानं सरकवली आणि "तुम्हीच सांगा" म्हणाले. डिजिटल रेकॉर्ड पाहिजे म्हणतात आणि केलं तर बघत नाहीत. राग आला.

राग येणारच, दोन रविवार गेले. पण डॉक्टरांच्या बाजूने बघा, तुम्ही त्यांना पिशवीच दिलीत, फक्त आता ती काचेच्या आत आहे. पीडीएफ म्हणजे कागदाचा फोटो. त्यातून किडनीचा आकडा वर चाललाय की खाली हे कळायला प्रत्येक पान उघडून बघायला लागतं, ग्राफ काढता येत नाही, शोधता येत नाही.

बरं, आकडे नुसते टाइप करूनही भागत नाही, ह्याचं एकच उदाहरण देते. रक्तातली साखर काही लॅब मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात आणि काही देशांत मिलिमोल प्रति लिटर चालतं, दोघांत साधारण १८ पटीचा फरक. म्हणजे उपाशीपोटी १२६ आणि उपाशीपोटी ७ हे एकच! आता युनिट न लिहिता नुसतं ७ ठेवलं आणि पुढच्या माणसाने ते मिलिग्रॅम समजलं तर त्याला वाटेल पेशंट शुद्धीवर कसा आहे. एचबीए१सीचंही (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) तसंच, ७ टक्के म्हणजेच दुसऱ्या पद्धतीत ५३. म्हणून आकडा, युनिट, तारीख आणि त्या लॅबची नॉर्मल रेंज हे चौघं कायम एकत्र राहिले पाहिजेत, एकाला सोडून दुसरा कुठे जाता कामा नये.

तर आता काय करायचं. ती पीडीएफ फेकू नका, पण तिच्या आधी एक पान लावा. एकच. इंटरनॅशनल पेशंट समरी म्हणून एक आंतरराष्ट्रीय नमुना आहे, २०२१ मध्ये आयएसओने तो स्टँडर्ड म्हणून काढला, म्हणजे माणूस परक्या गावी परक्या डॉक्टरसमोर पडला तर किमान काय दिसायला हवं त्याची यादी. त्यात सक्तीचे भाग तीनच आहेत : चालू आजार, ॲलर्जी, औषधं. बाकी लसी, ऑपरेशनं, शरीरात बसवलेली उपकरणं, रिपोर्ट हे त्याच्यामागून. बाबांचं पान त्याच चालीवर करा, औषधाच्या पुढे डोस लिहा आणि प्रत्यक्षात किती वेळा चुकते तेही लिहा (बाबांना विचारून, आणि ते ओरडले तर ओरडू द्या). खाली क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) आणि एचबीए१सीचे मागच्या दोन-तीन वर्षांचे आकडे तारखांसकट एका ओळीत. डॉक्टर हे पान वाचतील. मला ह्याची जवळजवळ खात्री आहे.

पिशवीतलं काय वेगळं काढून ठेवायचं तेही सांगते. डिस्चार्ज समऱ्या, ऑपरेशनची नोंद, बायोप्सीचे रिपोर्ट, आणि जुना ईसीजी. जुना ईसीजी लोक कचरा समजून टाकतात पण छातीत दुखतंय म्हणून गेल्यावर आजचा ईसीजी कशाशी ताडून बघायचा तर त्या जुन्याशी. सीटी, एमआरआयचा मोबाईलने काढलेला फोटो मात्र काही कामाचा नाही, त्याची डायकॉम फाईल, म्हणजे मशीनमधली मूळ चित्रं, मागून घ्या, सीडीवर देतात किंवा लिंक देतात.

प्रश्न : ॲपमध्ये रक्तगट मी स्वतः भरलाय. ॲक्सिडेंट झाला तर तो बघून रक्त देतील ना?

नाही, आणि देऊही नये. रक्त चढवायच्या आधी नमुना घेऊन गट परत तपासतात, क्रॉसमॅच करतात, म्हणजे द्यायचं रक्त तुमच्या रक्ताशी जुळतं का ते बघतात. अगदीच वेळ नसेल तर ओ गटाचं देऊन सुरुवात करतात. तुम्ही भरलाय त्याने नुकसान काही नाही, राहू दे. पण त्या जागी "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे" किंवा "पेसमेकर आहे" हे दिसलं तर जास्त उपयोग आहे.

प्रश्न : मी एकदा चक्कर येऊन पडले होते, तेव्हा ईईजी (मेंदूचा आलेख) काढला, नॉर्मल आला, विषय संपला. आता पेशंट पोर्टलवर माझ्या नावापुढे "फिट्सचा आजार" दिसतोय. इन्शुरन्स, ड्रायव्हिंग लायसन्स सगळ्यालाच अडचण येईल अशी भीती वाटते. फोन केला तर म्हणतात रेकॉर्डमधून काही डिलीट होत नाही. असं कसं?

तुम्हाला काय झालं असेल ते मी इथे बसून सांगू शकते, कारण हे फार ठिकाणी असंच होतं. ईईजी लावायचा तर फॉर्मवर कारण लिहावं लागतं, कारण म्हणून कुणीतरी फिट्सचा कोड निवडला, तो संशय होता, पण बिलाच्या सिस्टिमला संशय कळत नाही, तिला फक्त कोड कळतो. तिथून तो कोड आजारांच्या यादीत जाऊन बसला. तपासणी नॉर्मल आली हे दुसऱ्या रकान्यात, आणि दोघांची आयुष्यात कधी गाठ पडली नाही.

ह्याची सगळ्यात गाजलेली केस अमेरिकेतली आहे. डेव्ह डीब्रॉन्कार्ट नावाचे गृहस्थ, किडनीच्या कॅन्सरमधून बरे झालेले, ई-पेशंट डेव्ह म्हणून ओळखतात त्यांना. २००९ मध्ये त्यांनी बोस्टनमधल्या आपल्या हॉस्पिटलचं रेकॉर्ड एका क्लिकवर गूगल हेल्थमध्ये नेलं, आणि समोर काय आलं तर त्यांना कधीच न झालेले आजार, त्यात कॅन्सर मेंदूत किंवा मणक्यात पसरल्याची नोंद. का, तर पाठवलेली माहिती डॉक्टरांच्या नोंदींची नव्हती, बिलिंगच्या कोडची होती. त्यांनी ते जाहीरपणे लिहिलं, पेपरात आलं, आणि त्या हॉस्पिटलने बिलिंगचा डेटा असा पाठवणं बंद केलं. मला ह्यात महत्त्वाचं हे वाटतं की चूक हॉस्पिटलमध्ये आधीपासून होतीच, पेशंटला ती दिसली त्या दिवशी ती चूक ठरली.

आणि हे एकट्या डेव्हचं नाही. अमेरिकेत ज्यांना डॉक्टरांच्या नोंदी ऑनलाइन वाचता येत होत्या अशा पेशंटना विचारलं होतं, २०२० मध्ये तो अभ्यास छापून आला, नोंदी वाचणाऱ्या २२ हजारांहून जास्त लोकांची उत्तरं होती. दर पाचातल्या एकाने सांगितलं की मला चूक सापडली, आणि त्यातल्या ४० टक्क्यांहून जास्त लोकांच्या मते ती चूक गंभीर होती. ह्यातल्या सगळ्याच खऱ्या चुका असतील असं नाही, पेशंटचाही गैरसमज होतो, पण तरी.

आता डिलीटबद्दल. ते फोनवरचे लोक अर्धं बरोबर बोलले. रेकॉर्ड पुसायचं नसतं, कारण उद्या कुणी विचारलं की त्या वेळी डॉक्टरने हे औषध का दिलं, तर त्या वेळी समोर काय दिसत होतं ते राहायला पाहिजे. कागदावर कसं, चुकलेल्या शब्दावर एक रेघ मारतात, खालचा शब्द वाचता येतो आणि शेजारी सही करतात. कॉम्प्युटरमध्येही तसंच, नोंद "चुकून झालेली" अशी मार्क करायची सोय असते, मग ती चालू यादीतून जाते, इतिहासात राहते. तुम्ही "डिलीट करा" म्हणू नका, "दुरुस्ती करा" म्हणा. लेखी द्या, नोंदीची तारीख द्या, ईईजीचा नॉर्मल रिपोर्ट जोडा, आणि ज्या डॉक्टरने तपासणी सांगितली होती त्यांच्याकडून एक ओळ घ्या की फिट्सचं निदान झालेलं नाही. आणि हो, ही नोंद आणखी कुठे कुठे गेली ते विचारा, कारण मूळ जागी दुरुस्त झालं तरी कॉपी जिथे गेली तिथे ती तशीच जगत राहते. ह्या कॉपीच्या मागे धावणं हे खरं डोकेदुखीचं काम आहे, सॉफ्टवेअरवाल्यांनीही ह्यावर पुरेसं काम केलेलं नाही, माझ्यासकट.

जाता जाता, ॲलर्जीच्या यादीतही हाच प्रकार असतो. लहानपणी पेनिसिलिन घेतल्यावर पुरळ आलं, कुणीतरी "ॲलर्जी" लिहिलं, आणि ते जन्मभर चिकटलं. असा शिक्का असलेल्या लोकांची नीट तपासणी केली तर दहातल्या नऊ जणांना पेनिसिलिन चालतं. तोवर त्यांना उगाच दुसरी, जास्त जहाल अँटिबायोटिक्स मिळत राहतात. म्हणून नुसतं "पेनिसिलिन ॲलर्जी" लिहू नका, काय झालं, कितव्या वर्षी, किती वेळात, ते लिहा. पुढचं डॉक्टर ठरवतील. स्वतः घेऊन बघायला जाऊ नका!

प्रश्न : मी स्वतः जनरल प्रॅक्टिस करतो. पेशंटला रेकॉर्ड द्या हे म्हणायला सोपं आहे मॅडम. माझ्या नोट्स मी माझ्यासाठी लिहितो. त्या पेशंटने वाचल्या तर घाबरेल, दहा फोन करेल, आणि मी लिहिताना हात आखडेन. हे तुमच्या लक्षात येतं का?

येतं सर. आणि हात आखडण्याचं तर पूर्ण पटतं. पण फोनचं काय होतं ते करून बघितलंय लोकांनी. २०१० मध्ये अमेरिकेत तीन ठिकाणी, बोस्टन, पेनसिल्व्हेनिया आणि सिएटल, शंभरावर डॉक्टरांनी आपल्या नोट्स सुमारे २० हजार पेशंटना वर्षभर उघड्या ठेवल्या, ओपननोट्स नाव त्याचं. वर्ष संपल्यावर विचारलं की बंद करायचं का, एकाही डॉक्टरने बंद केलं नाही आणि ९९ टक्के पेशंट म्हणाले चालू ठेवा. मेसेजचा पूर येईल असं वाटलं होतं, तो आला नाही. अर्थात ते आपणहून तयार झालेले डॉक्टर होते, हेही धरायला पाहिजे.

बदल झाला तो भाषेत. नोटमध्ये "पेशंट डिनाइज स्मोकिंग" लिहायची पद्धत आहे, डॉक्टरला त्यात काही वाटत नाही, पण पेशंटने वाचलं तर त्याला वाटतं मला खोटारडा म्हणतायत. "सिगरेट ओढत नाही असं सांगितलं" लिहायला तेवढाच वेळ लागतो. तुम्हाला हवी तर खाजगी आठवण वेगळी ठेवा, पण निदान, औषध आणि पुढे काय करायचं हे पेशंटचं आहे, ते त्याला घरी जाऊन परत वाचता आलं पाहिजे. आणि ही काही आजची फॅशन नाही, शेंकिन आणि वॉर्नर ह्या दोघांनी १९७३ मध्येच न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मांडलं होतं की पेशंटला त्याच्या रेकॉर्डची प्रत द्या. तेव्हा झेरॉक्सचा जमाना होता.

जिथे मी तुमच्या बाजूने आहे ती गोष्ट वेगळी आहे. बायोप्सीचा रिपोर्ट रात्री अकराला मोबाईलवर टिंग करून येतो आणि माणूस एकटा बसून तो वाचतो, हे मला बरं वाटत नाही. गंमत म्हणजे पेशंटना विचारलं तर ते म्हणतात लगेच द्या. २०२३ मध्ये छापलेल्या एका सर्व्हेत शंभरातल्या ९५ हून जास्त लोकांनी लगेचच पाहिजे म्हटलं, रिपोर्ट वाईट आलेल्यांनीसुद्धा! म्हणून थांबवून ठेवणं हे उत्तर नाही. तपासणी लिहून देतानाच विचारा, रिपोर्ट आल्या आल्या बघणार की माझ्यासमोर उघडायचा, आणि त्यात काय काय निघू शकतं ते तेव्हाच सांगून ठेवा. सॉफ्टवेअरमध्ये ह्यासाठी एक टिक ठेवणं अगदी सोपं आहे, कुणी मागत नाही म्हणून ठेवत नाहीत. तुम्ही मागा.

प्रश्न : मुलगी पंधरा वर्षांची आहे, तिचं रेकॉर्ड माझ्याच फोनवर आहे. सासूबाईंचंही मीच बघते, त्यांचा पासवर्ड माझ्याकडे आहे. हे योग्य आहे का?

पासवर्ड वापरणं योग्य नाही, बघणं योग्य आहे. फरक असा की तुम्ही सासूबाईंच्या पासवर्डने आत गेलात तर सिस्टिमला वाटतं त्याच आल्या, उद्या डोस कुणी बदलला ते कळणार नाही. चांगल्या ॲपमध्ये दुसऱ्याच्या वतीने बघायची वेगळी परवानगी असते, तुमच्या नावाने, ठरावीक भागापुरती, ठरावीक मुदतीची, आणि सासूबाई ती केव्हाही काढून घेऊ शकतात. कुणी कधी काय उघडलं ह्याची यादीही त्यांना दिसली पाहिजे.

मुलीचं अवघड आहे. नियम जागोजागी वेगळे आहेत, त्यामुळे वयाचा आकडा मी सांगत नाही. पण पंधराव्या वर्षी डॉक्टरशी एकटीने बोलावंसं वाटणं साहजिक आहे, आणि आई सगळं वाचते हे माहीत असेल तर ती डॉक्टरला सांगणारच नाही, मग रेकॉर्ड अपुरं राहील आणि ते तुमच्याही फायद्याचं नाही. लसी, ॲलर्जी, औषधं तुमच्याकडे राहू द्या, बाकीचं हळूहळू तिच्याकडे जाऊ द्या.

ॲप बनवणारे कुणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी, नोंद लपवायची सोय देता तेव्हा "१ नोंद लपवलेली आहे" असं स्क्रीनवर दाखवू नका हो. घरात कुणी दमदाटी करून फोन बघत असेल तर ती एक ओळच त्या बाईला गोत्यात आणते. लपवलं म्हणजे ते आहे हेही दिसता कामा नये. हे मी एका मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा सगळे म्हणाले फारच क्वचित होणारी गोष्ट आहे. मीटिंगमध्ये सगळे पुरुष होते.

प्रश्न : कंपनी बंद पडली तर?

पडतेच. मायक्रोसॉफ्टचं हेल्थव्हॉल्ट ऑक्टोबर २००७ ला सुरू झालं, २० नोव्हेंबर २०१९ ला बंद, बारा वर्षं चाललं म्हणजे बरंच. पण तुमचं रेकॉर्ड तुमच्याएवढं जगायला पाहिजे आणि एवढं कुठलं ॲप जगत नाही. म्हणून नवीन ॲप घेतलं की आधी एक्सपोर्टचं बटण शोधा, दाबा, आणि आलेली फाईल दुसऱ्या कशात तरी उघडून बघा. नुसती पीडीएफ येत असेल तर अर्धंच हातात आलं. आकडे तुकड्यातुकड्यांनी, कोड आणि युनिटसकट आले तर ते ॲप ठेवायला हरकत नाही. मी हे दर वर्षी वाढदिवसाला करते, तारीख लक्षात राहते म्हणून.

प्रश्न : आई अजून वहीतच लिहिते, बीपी, गोळ्या, डॉक्टर काय म्हणाले, सगळं. तिला ॲपवर कसं आणू?

आणू नका. जपानमध्ये १९४८ पासून आई आणि बाळासाठी एकच पुस्तिका असते, बोशी तेचो म्हणतात, गरोदरपणाच्या तपासण्या, बाळाची वाढ, लसी सगळं त्यात, आणि ती राहते आईच्या हातात. कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीचं हे पर्सनल हेल्थ रेकॉर्डच आहे की! आणि ते चालतं कारण त्यातला बराच भाग डॉक्टर आणि नर्स तिथल्या तिथे भरतात, आईला घरी बसून आठवून लिहावं लागत नाही. तुमच्या आईची वही तर त्याच्याही पुढची आहे, "डॉक्टर काय म्हणाले" हे लिहिणारा पेशंट मला आजवर फार थोड्यांदा भेटलाय. तिला लिहू द्या. महिन्यातून एकदा पानांचे फोटो काढा, बीपीचे आकडे तुम्ही ॲपमध्ये घाला, आणि माहिती कुणाकडून आली तिथे आईचं नाव टाका, स्वतःचं नको.